पोटातले दुखणे पोटात ठेवले, त्याची हकीकत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



भाषण करण्याची ही माझी पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंतचे. अशा वेळी ‘काही चुकले तर पोटात घाला’ असे म्हणण्याचा रिवाज आहे. पण माझा आजचा विषयच पोट हा असल्यामुळे तेवढे म्हणत नाही. चिटणीसबाईंनी मला एखादी पाककृती सांगा म्हणून गळ घातली होती. मी म्हटले, पाककृती सांगणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. मी न खाण्याची गोष्ट सांगते.

माझे माहेर कंधार तालुक्यातले. कोरडवाहू शेती, आणि घरात दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी. गहू दिसायचा तो सणाला किंवा पाहुणा आला म्हणजे. २००१ साली लग्न होऊन मी लातूरला आले. सासरी सकाळ-संध्याकाळ पोळी. माझ्या आईने गावभर सांगितले की लेकीला पोळीचे सासर मिळाले. त्या पोळीनेच माझे पोट बिघडवले, हे कळायला मला सोळा वर्षे लागली.

वर्ष-दीड वर्षातच सुरुवात झाली. जेवण झाले की पोट नगाऱ्यासारखे फुगायचे. दिवसातून चार-पाच वेळा परसाकडे जावे लागे. तोंडात सारखे फोड येत, केस मूठमूठ गळत. मुलगी झाल्यावर माझे वजन अडतीस किलोवर आले. रक्त तपासले की दर वेळी हिमोग्लोबिन सातच्या आसपास. लोहाच्या गोळ्या किती खाल्ल्या याला गणती नाही. पण रक्त काही वाढेना.

कारणे मात्र ज्याने त्याने सांगितली. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणाचा वारा लागला. शेजारणीने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. एका डॉक्टरांनी पित्त सांगितले, दुसऱ्यांनी जंत, तिसऱ्यांनी आव. एकांनी तर माझ्या देखत घरच्यांना सांगितले की हे सगळे बाईंच्या मनाचे आहे, त्यांना थोडे माहेरी पाठवा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. त्या वर्षी ज्याचे पोट बिघडेल त्याला ‘टँकरचे पाणी’ हेच उत्तर मिळे. मलाही तेच मिळाले. पण माझे दुखणे त्याच्या आधी चौदा वर्षांपासूनचे होते, हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

का सांगितले नाही? लाज. बाईने परसाकडच्या गोष्टी बोलू नयेत असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. माहेरी पाठवा म्हणणे सोपे आहे. पण लातूरहून अहमदपूर, लोहा करीत एस.टी.ने जायचे म्हणजे वाटेत पोट उठले तर काय करावे? गाडी कोण थांबवणार? मी निघायच्या आदल्या दिवसापासून उपाशी राहू लागले. पुढे पुढे जाणेच सोडले. चार वर्षे भाऊबीजेला गेले नाही. भावाला वाटले, बहीण वाटणीवरून रुसली. मी त्याला तसे वाटू दिले. खरे कारण सांगण्यापेक्षा ते सोपे होते.

२०१७ च्या नवरात्रात मी नऊ दिवसांचे उपवास केले. भगर, राजगिरा, साबुदाणा, शेंगदाणे. उपवासाने मी आणखी खंगेन अशी घरात सर्वांना भीती होती. झाले उलटेच. पाचव्या-सहाव्या दिवशी पोट शांत झाले. दसऱ्याला पुरणपोळी खाल्ली, आणि पुन्हा सुरू. हे ओळखले ते माझ्या सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, “अगं, देवीच्या दिवसांत तू रात्रीची एकदाही उठली नाहीस. आणि आज तीनदा उठलीस. काय खाल्लंस आज वेगळं?” दोघी चुलीपुढे बसून मोजत बसलो. वेगळे एकच होते, गहू.

इथे माझी मोठी चूक झाली, ती नीट ऐका. मी आपल्या मनानेच पोळी बंद केली. चार महिने भाकरी खाल्ली, बरे वाटले, आणि मग रक्ताची तपासणी करून घेतली. तपासणी साफ आली! काही नाही म्हणाले. घरात पुन्हा कुजबुज सुरू झाली की हिला नुसते कौतुक हवे.

शेवटी भावाला सगळे सांगितले. तो रुसवा एका संध्याकाळी संपला. त्याने मला नांदेडला पोटाच्या आजाराच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तपासणीच्या वेळी गहू खात होता का?” मी नाही म्हटले. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले, ते माझ्या शब्दांत सांगते.

कणकेचा गोळा पाण्याखाली धुवत बसलो तर पांढरे पाणी निघून जाते आणि शेवटी हातात रबरासारखा चिवट गोळा राहतो. त्याला ग्लूटेन म्हणतात. त्याच्यामुळेच पोळी लाटता येते. ज्वारीत तो नाही, म्हणून भाकरीला गरम पाणी घालून पीठ मळावे लागते आणि जरा हयगय झाली की भाकरी चिरते. आपल्या आतड्याच्या आत टॉवेलवर असते तशी बारीक लव असते. अन्नातला कस ती शोषून घेते. काही माणसांच्या शरीराला हा ग्लूटेन शत्रू वाटतो, आणि त्याच्याशी लढताना शरीर स्वतःचीच लव झडवून टाकते. मग लोहाच्या गोळ्या घ्या, नाहीतर दूधतूप खा, अंगी लागत नाही. या आजाराला सीलिअक म्हणतात. रक्तात जी तपासणी करतात, टीटीजी नावाची, ती त्या लढाईच्या खुणा शोधते. गहू बंद केला की लढाई थांबते आणि खुणा पुसट होत जातात. मी चोर पळून गेल्यावर पंचनामा करायला बसले होते!

त्यांनी मला सहा आठवडे रोज दोन पोळ्या खायला सांगितल्या. भगिनींनो, ज्याने आजार होतो तेच औषधासारखे गिळायचे, हे किती कठीण असते ते काय सांगू. तिसऱ्या आठवड्यात मी रडून म्हटले की नको ती तपासणी. सासूबाई ताटाशी बसून राहायच्या. सहा आठवड्यांनी रक्त दिले. त्याबरोबर आणखी एक तपासणी करतात. कारण काही जणांच्या रक्तात ती खूण उमटवणारे द्रव्यच कमी असते आणि आजार असून रिपोर्ट साफ येतो. माझी टीटीजी खूप वाढलेली निघाली. मग तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढून तपासले. लव झडलेली होती. २०१८ साली माझ्या दुखण्याला नाव मिळाले. आजार आहे असे कळल्यावर कोणाला आनंद होतो का? मला झाला. मी वेडी नव्हते.

हा गव्हाचा संबंध जगाला कसा कळला, तीही गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. हॉलंडमध्ये डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे मोठी उपासमार झाली, पाव मिळेना. या आजाराची मुले मात्र त्या दिवसांत सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. गव्हावर त्यांचा संशय आधीपासूनच होता. तो पक्का झाला, आणि १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्यांना उपासमारीने दाखवले, आम्हा सासू-सुनांना नवरात्राने.

आता या आजाराला गोळी नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, हेच औषध. रवा, मैदा, शेवया, कुरडई, बिस्किट, सातूचे पीठ, माल्टचे दुधात घालायचे पेय, सगळे त्यात आले. भाकरी, भात, मका, बाजरी, नाचणी, भगर चालते. ऐकायला सोपे वाटते. पण बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, हे मला सहा महिन्यांनी कळले. धपाट्यात आपण कणीक घालतो. गिरणीत गव्हावर माझी ज्वारी दळली की संपले. पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावे लागते, यावरून अंदाज करा. गिरणीवाल्या भाऊंना मी आधी तांदूळ दळून मग माझी ज्वारी घ्या म्हणते. पहिल्यांदा ते चिडले, आता सोमवारी सकाळी गिरणी झाडून माझे दळण पहिले घेतात. माझा तवा, परात आणि पोळपाट वेगळे आहेत. सत्यनारायणाचा शिरा, नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यातला कढा प्रसाद, दोन्ही गव्हाचे. मी प्रसाद कपाळाला लावते आणि भाच्याच्या हातावर ठेवते. देव रागावला असे अजून तरी दिसले नाही, माणसे रागावतात.

खर्चाचेही आहेच. रेशनवर गहू फुकट मिळतो, ज्वारी मात्र विकत घ्यावी लागते. एकेकाळी गरिबाची म्हणून नाक मुरडलेली भाकरी आता महाग झाली आहे!

आणखी एक सांगते. पोट फुगले की लगेच गहू सोडू नका. जंत असतील, आव असेल, आतड्याचा क्षय असेल, दूध पचत नसेल. काही जणींच्या सगळ्या तपासण्या साफ येतात आणि तरीही गहू सोसत नाही. त्यांचा मार्ग वेगळा. म्हणून आधी डॉक्टर, आणि तोवर पोळी चालू. लातूरला विलासराव देशमुखांच्या नावाचे, नांदेडला विष्णुपुरीला शंकरराव चव्हाणांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, वजन किती उतरले, सगळे कागदावर लिहून न्या. तोंडाने बोलायला लाज वाटली तर तो कागद पुढे करा.

हे सगळे आज चारचौघींत का बोलले? माझ्या मुलीसाठी. हा आजार रक्ताच्या नात्यात येऊ शकतो, म्हणून मुलांची तपासणी करा असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. तिची उंची माझ्या खांद्याशी थांबली होती, शाळेतल्या लोहाच्या गोळ्यांनी काही होत नव्हते. तरी नातेवाइकांनी अडवले, लग्नाची मुलगी, नाव लागेल. मीही भ्याले, आणि त्यात पाच वर्षे घालवली. ती माझ्या मनाला फार लागतात. २०२३ साली तपासले. तिलाही आहे. पोळी सुटल्यापासून तिचे रक्त अकराच्या वर गेले आहे. आता सल्ला मिळतो की स्थळ आले तर सांगू नका. लपवले तर सासरी पहिल्याच दिवशी ताटात पोळी येईल, आणि ती माझ्यासारखी गप्प बसून खाईल. मी तिला विचारले, मेळाव्यात सांगू का? ती म्हणाली, “सांग, आणि माझं म्हणून सांग.” ती तिकडे मागे उभी आहे.

स्वयंपाकघरातून बोलावणे आले आहे, तेव्हा आवरते. वाढणाऱ्या भगिनींनी भाकऱ्यांची टोपली पोळ्यांपासून लांब ठेवावी, आणि आमटीत घातलेल्या हिंगाची डबी आम्हा दोघींना आधी दाखवावी.