तुरट चवीचे मोजमाप

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने रसायनशास्त्रावर बोलावे, हे धाडसच म्हणावयाचे. परंतु हा विषय मी निवडला नाही. तो एका विद्यार्थ्याने माझ्या पुढ्यात आणून ठेवला. सिंहविहारामुळे परिचित झालेल्या वासोण्याचा हा मुलगा विज्ञान शाखेत शिकतो. बांधावरच्या नीलगिरीची वाळलेली पाने घेऊन तो एके दिवशी घरी आला आणि म्हणाला, "सर, यांतली पॉलिफेनॉलं ओळखून मोजायची आहेत. पण आजी विचारते, काय मोजतोस? तिला काय सांगू?" मी निरुत्तर झालो. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

नीलगिरी मूळची ऑस्ट्रेलियातील. दक्षिणेतील ज्या पर्वतावर तिची मोठी लागवड झाली, त्याचेच नाव आपण तिला दिले. पडशावर जे तेल आपण हुंगतो त्यातील मुख्य द्रव्य सिनिओल. ते वाफेबरोबर उडून येते, म्हणून ऊर्ध्वपातनाने काढता येते. पॉलिफेनॉले मात्र अशी उडत नाहीत. ती पानातच राहतात. हिरडा, चहा, काजूचे बोंड यांनी जीभ आवळते, ती याच कुळातील टॅनिनांमुळे. सगळीच पॉलिफेनॉले तुरट नसतात. तरी आजीला सांगावयाचे तर 'पानातला तुरटपणा मोजतो' एवढे पुरे. आपल्या वैद्यकाने सहा रसांत कषाय रसाला स्थान दिले आहे, ते उगीच नव्हे.

पण जीभ ओळखते, मोजत नाही. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की तो काळाभोर होतो. शाई करण्याची ही जुनी युक्ती म्हणजे तुरटपणाची परीक्षाच. प्रयोगशाळेतील रीतही रंगाचीच आहे. पाने सावलीत वाळवून, कुटून, पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणात त्यांचा अर्क काढतात. फोलिन आणि सिओकाल्टेउ या दोघा शास्त्रज्ञांनी १९२७ साली सिद्ध केलेले पिवळे द्रावण त्यात मिसळतात आणि सोडियम कार्बोनेट घालतात. हळूहळू निळा रंग चढतो. पॉलिफेनॉले जितकी अधिक, तितका तो गडद. हा गडदपणा प्रकाशमापकाने मोजून गॅलिक आम्लाच्या ज्ञात प्रमाणांच्या द्रावणांशी ताडून पाहतात. उत्तर मिळते ते असे : एक ग्रॅम पानात इतक्या मिलिग्रॅम गॅलिक आम्लाच्या तोलाची पॉलिफेनॉले.

येथे सावध राहिले पाहिजे. क जीवनसत्त्व असले तरी हे द्रावण निळे होते. शिवाय एकूण बेरीज कळली, तरी त्या बेरजेत कोण कोण आहे हे कळत नाही. त्यासाठी वर्णलेखन. विसाव्या शतकाच्या आरंभी त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीच्या स्तंभातून झिरपवून वेगळी केली. आता तोच अर्क मोठ्या दाबाखाली बारीक नळीतून ढकलतात; प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते. ज्ञात नमुन्याशी ती वेळ जुळली, तरी तेवढ्यावर विसंबत नाहीत. त्या द्रव्याचा वर्णपट किंवा रेणूचे वस्तुमानही पाहतात. नीलगिरीच्या पानांत गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल, क्वेर्सेटिनची संयुगे आढळली, ती अशा पडताळणीने. 'अमुक पान औषधी आहे' असे सांगणाऱ्याला 'कोणते द्रव्य? किती?' असे विचारण्याचा अधिकार आपल्याला येथून मिळतो.

मुलाने हे सारे आजीला सांगितले. आजी काथोडी समाजातील. दादरा व नगर हवेलीच्या अनुसूचित जमातींत या समाजाची नोंद आहे, आणि त्याचे नावच मुळी काताशी बांधलेले आहे. ती म्हणाली, यात नवे ते काय? खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळायच्या, काढा गाळायचा, आटवायचा, निवू द्यायचा; आमच्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर हेच केले. सभासदहो, ती अक्षरशः खरे बोलत होती. विड्यातील कातात जे कॅटेचिन असते, तेही पॉलिफेनॉलच. ढलपी किती बारीक हवी, काढा केव्हा उतरवायचा, हे त्या माणसांना यंत्रावाचून ठाऊक होते.

मी घरी येऊन माझी कपाटे धुंडाळली. खैरावर वृक्ष म्हणून चार ओळी सापडल्या. तो काढा उतरविणाऱ्या हातांविषयी एकही नाही. आजीला अक्षरओळख नाही, आणि नातवाची पुस्तके इंग्रजीत आहेत. दोघांच्या मध्ये जी मराठी असावयास हवी होती, तेथे मोकळी जागा आहे. तिचा दोष मी प्रथम माझ्याच पदरात घेतो. तीस वर्षे मी रसचर्चा शिकविली; कषाय रसाकडे मात्र कधी वळलो नाही.

म्हणून एक विनंती. शताब्दीनिमित्त कोनशिला बसेल, तैलचित्रे लागतील, ती लागावीत. त्यांच्याबरोबर एक कोरी वहीही या ग्रंथालयाने ठेवावी. अशा आजीआजोबांचे ज्ञान त्यांच्याच शब्दांत तीत उतरवून घ्यावे, आणि समोरच्या पानावर नातवंडांनी आपली मोजमापे मराठीत लिहावीत. उशीर करण्याजोगे हे काम नाही. पहिली दोन पाने आजी आणि नातू यांनी कबूल केली आहेत. वही तेवढी आपण द्यावी.