भिंतीवरील माणसे आणि त्यांची गती



भिंत ही स्थिर वस्तू आहे. मनुष्य हा चालणारा, वाकणारा, उडी घेणारा प्राणी आहे. स्थिर भिंतीवर चालता मनुष्य कसा उतरवावा, हा चित्रकलेपुढील फार जुना प्रश्न होय. शाळा, ग्रामपंचायती आणि शासकीय कार्यालये यांच्या भिंती आज ठिकठिकाणी रंगविल्या जात आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार केवळ चित्रकारांनी करून भागणार नाही. भिंत ज्यांच्या स्वाधीन आहे, त्यांनीही तो करावयास हवा.

उडीचा नेमका क्षण

फ्रान्समध्ये पॅरिसजवळील लीस या उपनगरात १९८०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड बेल आणि त्याचे सोबती यांनी हालचालीची एक नवी शिस्त घडविली. जिने, कठडे, कुंपणे आणि भिंती यांना अडथळा न मानता धावत, चढत व उड्या घेत त्या पार करावयाच्या, असे तिचे स्वरूप. पुढे तिला पार्कूर हे नाव मिळाले. डेव्हिडचे वडील रेमंड बेल हे पॅरिसच्या अग्निशमन दलात होते आणि त्यांच्या शरीरसाधनेचा मुलावर मोठा प्रभाव पडला. अशा उड्यांवरून स्फूर्ती घेऊन शहरांत भित्तिचित्रेही काढली जातात.

ही चित्रे काढताना चित्रकाराची खरी कसोटी क्षणाच्या निवडीत लागते. उडीच्या सर्वोच्च बिंदूवरील देह रंगविला, तर तो हवेत टांगल्यासारखा दिसतो. उलट पाय नुकताच जमिनीवरून सुटला आहे, देहाचा भार एका बाजूस कलला आहे, असा क्षण पकडला की पाहणाऱ्याचे मन पुढील हालचाल आपोआप पूर्ण करते. तोल ढळल्याचा भास हेच चित्रातील गतीचे मर्म होय. हे मर्म ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यांतील वारली स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे.

दोन त्रिकोणांची किमया

वारली घराची भिंत कारवीच्या काठ्यांची, वरून शेणमातीने लिंपलेली असते. गेरूने सारवलेल्या त्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्याच साहित्यावर सारे चित्र उभे राहते. विवाहप्रसंगी सवाशिणी भिंतीवर लग्नचौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट ही सुफलतेची देवता असते. भोवती झाडे, पशुपक्षी आणि कामात गुंतलेली माणसे असतात.

यातील मनुष्याकृती टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांची असते. वरचा त्रिकोण छातीचा, खालचा कमरेचा. दोहोंची गाठ केवळ एका बिंदूत पडते, आणि तो बिंदू एखाद्या बिजागरीसारखा काम करतो. वरचा त्रिकोण किंचित पुढे झुकविला की माणूस भाताची लावणी करू लागतो. मागे कलविला की जड ओझे ओढू लागतो. गुडघ्याची रेघ मोडली की नाचू लागतो. चेहऱ्यावर भाव नाहीत, अंगावर स्नायू नाहीत, सावली नाही. तरीही कोण थकला आहे आणि कोण आनंदात आहे, हे त्या कलण्यावरून कळते.

तारपानृत्याचे चित्र हा या कौशल्याचा कळस होय. वाळलेला भोपळा आणि बांबू यांपासून केलेले तारपा हे वाद्य वाजविणारा मध्यभागी असतो आणि एकमेकांना धरलेल्या नर्तकांची साखळी त्याच्याभोवती सर्पिलाकार फिरत असते. तारपा वाजविणाऱ्याकडे पाठ फिरवावयाची नाही, असा नृत्याचा संकेत आहे. चित्रात प्रत्येक आकृती शेजारच्या आकृतीहून थोडी अधिक वळलेली असते. त्या थोड्याथोड्या फरकातून संपूर्ण साखळी फिरू लागते.

भिंतीवरून कागदावर

१९७०च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले. स्त्रियांच्या हाती असलेली ही विधिकला त्यानंतर पुरुषांनीही स्वीकारली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांनी तिला जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले.

मान मिळाला, प्रसार झाला; मात्र प्रसाराबरोबर एक धोकाही आला. पत्र्याचा वा कागदाचा साचा भिंतीवर धरून रंग मारला की एका दिवसात लांबच लांब भिंत भरते. अशा भिंतीवरील प्रत्येक माणूस उभ्या डमरूसारखा ताठ आणि दुसऱ्याची हुबेहूब नक्कल असतो. त्रिकोण राहतात, पण त्यांना जिवंत करणारा कल नाहीसा होतो. पाहणारा त्यालाच वारली चित्र समजतो आणि ज्याच्या हातात खरी कला आहे, तो पाड्यावर कामाविना बसून राहतो. ही हानी कलेची आहे, तशीच रोजगाराचीही आहे.

करण्यासारखे काही

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. वारली चित्रे हवी असतील, तर ग्रामपंचायतीने किंवा कार्यालयाने ते काम वारली कलावंतांकडेच सोपवावे. मोबदला केवळ चौरस फुटांवर न ठरविता कामाच्या गुणवत्तेचा विचार करावा आणि भिंतीच्या कोपऱ्यात कलावंताचे व त्याच्या पाड्याचे नाव लिहावे.

अन्य ठिकाणी शाळेची भिंत मुलांसाठी खुली करता येईल. मात्र तेथे वारली आकृत्यांची नक्कल नको. शिक्षकांनी मुलांना प्रथम मैदानावर न्यावे. खो-खोमध्ये खांब वळताना धावणाऱ्याचा खांदा कोठे असतो, मल्लखांबावर चढताना भार कोणत्या हातावर येतो, विहिरीवरून कळशी आणणारी बाई कोणत्या बाजूस झुकते, हे मुलांनी नीट पाहावे. मग पाच-सहा रेघांत तो कल पाटीवर उतरवावा, आणि तो साधला म्हणजेच भिंतीकडे वळावे. अशा चित्रात रेघा वाकड्या येतील, प्रमाण चुकेल. परंतु त्यातील माणसे त्या गावची असतील आणि ती हलतील.

वारली स्त्रीने चौक लिहिण्यापूर्वी आयुष्यभर लावणी केलेली असते, ओझी वाहिलेली असतात, तारप्याभोवती फेर धरलेला असतो. तिच्या दोन त्रिकोणांत हे सारे श्रम आणि नृत्य साठलेले आहे. साच्यात नेमके तेच उतरत नाही. सार्वजनिक भिंतीवर रंगाचा पैसा खर्च करताना संबंधितांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, तर त्या भिंतींचे आणि कलावंतांचेही भले होईल.