प्रत्येक बटणाला नाव हवे
(वार्षिक समारंभातील भाषण)



आज प्रवेश असो वा शिष्यवृत्ती, अर्ज बहुधा संगणकावर किंवा मोबाईलवरच भरावा लागतो. डोळस विद्यार्थी बटण पाहून दाबतो. दृष्टी नसलेल्याने काय करावे? त्याच्यासाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी साधने आहेत. त्यांपैकी ‘एनव्हीडीए’ हे साधन ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तयार करायला घेतले. ते विनामूल्य मिळते.

परंतु पानावर जे लिहिलेलेच नाही, ते साधन वाचणार कसे? धाराशिवच्या बसस्थानकावर तुळजापूर, कळंब, परंडा अशा पाट्यांऐवजी प्रत्येक गाडीवर नुसते ‘इथे बसा’ लिहिले, तर आपण कोणत्या गाडीत चढाल? पानावर दहा ठिकाणी ‘इथे क्लिक करा’ असे ऐकणाऱ्याची तीच गत होते. बाणाच्या चित्राला नाव दिले नसेल, तर कित्येकदा त्याला ‘बटण’ एवढाच शब्द ऐकू येतो. अर्ज जमा होणार की पुसला जाणार, हे त्याला कळत नाही. मग तो आपला पासवर्ड व कागदपत्रे दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. हुशार मुलाला असे परावलंबी करणे हा अन्याय होय.

वेबसाइट बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनो, एवढे ध्यानात ठेवा. लिंक दुसऱ्या पानावर नेते. बटण काम करते. दोहोंसाठी एचटीएमएलमध्ये स्वतंत्र टॅग आहेत, तेच वापरा. ‘शिष्यवृत्तीचा अर्ज उघडा’, ‘अर्ज जमा करा’ असे स्पष्ट लिहा. केवळ रंगावरून लिंक ओळखावी लागू नये. वयस्कांचे व थरथरत्या हातांचेही बोट नेमके पडावे म्हणून बटण निदान २४ पिक्सेल लांब-रुंद असावे, असे २०२३ चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

ही कोणावर मेहेरबानी नव्हे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

पालकहो, परीक्षा सोपी आहे. माउस बाजूला ठेवा आणि केवळ कीबोर्डच्या कळांनी एखादा अर्ज शेवटपर्यंत नेऊन पाहा. जिथे आपण अडाल, तिथे कोणाचे तरी शिक्षण अडलेले असेल. ती अडचण संबंधितांना अवश्य कळवा.