कल्हई उडाली तर?
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेले भाषण)



आजचा विषय मला माझ्या अम्माने दिला. दोन वर्षांपूर्वी ती अंगणात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. आपल्या संस्थेच्या वैद्यकीय निधीने हात दिला म्हणून कृत्रिम सांधा बसविता आला. सांध्याच्या टायटॅनियमच्या दांड्यावर हाडाशी जुळणारा मुलामा आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा अम्मा म्हणाली, "बेटा, ही कल्हई उडाली तर?" मी विज्ञानाचा शिक्षक, पण त्या वेळी गप्प बसलो. ते उत्तर आज देतो.

कल्हईवाल्याचे काम आपण पाहिले आहे. भांडे तापवून तो नवसागर फिरवतो. पृष्ठभाग स्वच्छ झाला तरच कथील धरते. येथेही आरंभ तसाच. धातूवर कठीण कणांचा मारा करून तो स्वच्छ व खरबरीत करतात. मग विजेच्या प्रखर ज्योतीतून आरगॉन वायू सोडतात. त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटतात आणि १०,००० अंशांहून उष्ण झोत निघतो. हाच प्लाझ्मा. त्यात सोडलेली भुकटी वितळून धातूवर आदळते व चपटी होऊन बसते. असा थरावर थर चढतो.

भुकटी काचेची असेल, तर ती इतक्या झटकन निवते की अणूंना रांगेत बसावयास वेळच मिळत नाही. ती काचच राहते, ठिसूळ. पुन्हा बेताने तापविली, की तिच्या पोटात बारीक स्फटिक धरतात आणि पुढे सरकणारा तडा त्यांच्यापाशी अडतो. हीच काच-सिरॅमिक. १९५३ साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी चुकून ६०० ऐवजी ९०० अंशांवर गेली. आतली काच पांढरी झाली आणि खाली पडूनही फुटली नाही. त्यातून हा शोध लागला.

मुलामा उडतो त्याचे एक मोठे कारण प्रसरणातील फरक. १९६९ साली लॅरी हेंच यांनी हाडाला चिकटणारी काच तयार केली. एक मीटर लांब टायटॅनियमची कांब १०० अंशांनी तापविली तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते. ही काच सुमारे १.५. निवताना काच अधिक आक्रसते, ताणली जाते आणि तडकते. सिलिका वाढविली तर प्रसरण घटते. पण ती साठ टक्क्यांपलीकडे गेली की हाड काचेला जवळ करीत नाही. स्फटिक वाढविले तर बळकटी येते, पण हाडाशी जुळणे मंदावते. सारी विद्या हा मेळ घालण्यात आहे.

अम्माच्या सांध्यावर मात्र काच नाही. तेथे हायड्रॉक्सिॲपेटाइट आहे, हाडातील खनिजाचेच भावंड. तेही याच झोताने चढविलेले. शरीर ते हळूहळू थोडेफार विरघळवते. पण तोवर हाड वाढून खालच्या खरबरीत धातूला घट्ट धरते.

म्हणून मी तिला सांगितले, "अम्मा, ही कल्हई थोडीफार जाणारच. फक्त ती जाण्याआधी हाडाने तिची जागा घ्यावयास हवी. त्यासाठी डॉक्टर सांगतील तसेच चाल." आता ती काठी घेऊन फाटकापर्यंत जाते.