धुराडं शेवटचं कधी झाडलं?

1980 च्या दशकात सरकारी योजनेतून निर्धूर चुली गावोगावी आल्या. चूल आपण सारवतो, धुराड्याकडे मात्र कुणी पाहत नाही. आपल्या फुलसावंगीकडे जळण पऱ्हाटीचं. ती ओलसर असली की पाइपात काजळी धरते. पाइप कोंदला की धूर घरात फिरतो, आणि काजळी पेटली तर छपरालाच धोका.

जर्मनीत धुराडं तपासायला परवानाधारक माणूस घरी येतो. आपण गवंड्याला बोलवू. छपरावर त्यालाच चढू द्या! पाइपाला तडा गेलाय का, जवळचं लाकूड करपलंय का, त्याला विचारा. चूल थंड असताना, तोंडाला पदर बांधून, काठीला चिंध्या गुंडाळून खालची काजळी आपणच काढू.

थंडीत दारं बंद असतात. तेव्हा विषारी वायू कोंडतो, त्याला वासही नसतो. डोकं जड झालं, मळमळलं, तर लेकरांना घेऊन आधी बाहेर या.