पनीर की पनीरसारखं?

मागच्या महिन्यात आमच्या गटाकडे बारशाची ऑर्डर होती, 60 पानांची. तालुक्याला एका दुकानात पनीर 180 रुपये किलोनं मिळालं. आम्ही खूश! पण रश्श्यात तुकडे रबरासारखे झाले. एका आजींनी तुकडा चावून ताटाच्या कडेला ठेवला, तेव्हा आम्हाला मान वर करवेना.

घरी येऊन हिशेब मांडला. किलोभर पनीरला गाईचं साधारण 6 लिटर दूध लागतं. लिटरला 35 रुपये धरले तरी नुसत्या दुधाचेच 210 झाले. दूध घालणाऱ्या आपण, हे आधी का सुचलं नाही?

दूध पावडर, पामतेल, स्टार्च वापरून पनीरसारखा पदार्थ करतात. त्याला अ‍ॅनालॉग म्हणतात. तो विष नाही, बनवायलाही बंदी नाही. पण पनीर म्हणून विकायला बंदी आहे. पाकिटावर तसं लिहावं लागतं. सुट्या मालावर कोण लिहिणार?

तुकडा पाण्यात उकळा, गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं झालं तर स्टार्च आहे. निळं झालं नाही तरी निर्धास्त होऊ नका, पामतेल यात कळत नाही. म्हणून बिल मागाच. बिल असलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नेता येते. आमच्याकडे बिल नव्हतं.

आता आम्ही आदल्या दिवशी स्वतःच दूध फाडतो. बारशाच्या घरी भाजीचे पैसे परत द्यायला गेलो होतो. त्यांनी घेतले नाहीत. पुढची ऑर्डरही अजून दिलेली नाही.