जतनाचा कर : मतदाराला पुन्हा केव्हा विचारावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



उत्सवाच्या मंडपात कराविषयी बोलू नये, हा शिष्टाचार आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या नगरीत आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले, तिच्या जतनाची गोष्ट निघाली की कराची गोष्ट निघतेच. ल कॉर्ब्युझिए यांनी रचिलेले येथील कॅपिटॉल संकुल २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. गावाहून आलेल्या पाहुण्यांना आपण ते अभिमानाने दाखवितो. त्या उघड्या काँक्रीटच्या देखभालीचा खर्च कोणी आणि किती काळ सोसावा, हे मात्र येथील नागरिकास कोणी विचारलेले नाही. पिएर जाँनरे यांनी घडविलेल्या खुर्च्या कचेऱ्यांतून भंगाराच्या भावाने गेल्या. परदेशी लिलावांत त्यांचे मोल कळल्यावर २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने विक्रीस बंदी केली. जाग आली, पण उशिरा.

आपल्यापैकी अनेकांचे आप्त गिरगावात किंवा लालबागेत असतील. त्यांस ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द नवा नाही. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील भाडी गोठली, त्या भाड्यात दुरुस्ती मालकास परवडेना, आणि पावसाळ्यात घरे कोसळू लागली. तेव्हा १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसविण्यात आला. प्रारंभी अशा १९,६४२ इमारती होत्या. हेतू उत्तम होता. पण उपकराच्या उत्पन्नात दुरुस्ती भागेना. आणि अर्धशतक उलटले तरी ‘या पैशाचे काय झाले, पुढे द्यावयाचा की नाही’ असा प्रश्न घेऊन कोणी मतपेटी भाडेकरूच्या दारी नेली नाही. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याने आलेल्या वृक्ष-उपकराचीही तीच कथा. घरपट्टीच्या बिलातील ती ओळ किती जणांनी वाचली असेल? आम्हीही पुष्कळ वर्षे वाचली नव्हती. आपल्या राज्यघटनेप्रमाणे करास कायद्याचा आधार लागतो, मतदाराचा थेट कौल लागत नाही.

जेथे असा कौल लागतो, तेथे काय घडते? न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड बेटाच्या पूर्व टोकास पाच लहान नगरे आहेत. बटाट्याची शेते भराभर बंगल्यांखाली जाऊ लागली, तेव्हा नोव्हेंबर १९९८ मध्ये तेथील मतदारांनी स्वतःच एक कर स्वीकारला. घरजमीन विकत घेणाराने, ठरावीक सूट वगळून, किमतीच्या २ टक्के द्यावयाचे; त्यातून शेते, मोकळ्या जागा व ऐतिहासिक वास्तू राखावयाच्या. मुदत २०१० पर्यंत होती. आपल्याकडे कोणी २००९ साली धावपळ केली असती! त्यांनी २००२ सालीच पुन्हा विचारले आणि मुदत २०२० पर्यंत नेली. २००६ साली २०३० पर्यंत आणि २०१६ साली थेट २०५० पर्यंत. शेवटच्या वेळी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा पाण्याच्या शुद्धतेसाठी खर्च करण्याची मुभाही मागून घेतली.

इतकी घाई कशासाठी? कराची मुदत जितकी लांब, तितके कर्ज आज काढता येते; आणि शेताचे एकदा प्लॉट पडले की ते पुन्हा शेत होत नाही. शिवाय एका वेळी कौल विरुद्ध गेला तरी चुका सुधारून परत येण्यास अवधी उरतो. हे शहाणपण आम्हांस मान्य आहे. तथापि मुदत संपण्यापूर्वी चौदा वर्षे आधी कौल घेऊन त्यापुढची आणखी वीस वर्षे बांधून टाकणे आम्हांस रुचत नाही. २०१६ साली पाळण्यात असलेले मूल त्या कराखालीच चौतिशीला पोहोचेल. मुदतीच्या मध्यावर, पहिल्या निम्म्या काळाचा तपासलेला हिशेब मतदाराच्या हाती देऊन विचारावे, आणि ते सार्वत्रिक मतदानाच्याच दिवशी. एखादे घर कोसळल्यावर लोक हळहळत असताना विचारू नये. तसेच तुरळक मतदानाची आडवेळ साधून तर मुळीच विचारू नये. तशा वेळी मिळालेला होकार कायदेशीर असेल, पण तो गावाचा होकार नव्हे.

चंडीगढमध्ये जतन आजवर आले ते बहुधा आदेशाने. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेक्टर १ ते ३० मधील घरांचे मजल्यामजल्यांनी तुकडे पाडण्यास मनाई केली. निर्णय योग्यच होता. परंतु न्यायालय छप्पर दुरुस्त करीत नाही. उद्या येथे वारशासाठी उपकर आलाच, तर तो दहा वर्षांचा असावा, आणि पाच वर्षांनी येणाऱ्या महापालिकेच्या निवडणुकीत त्याचा हिशेब मांडला जावा. थेट कौलाची कायद्यात सोय नाही. म्हणून प्रत्येक उमेदवाराने आपल्या जाहीरनाम्यात तो चालू ठेवणार की नाही, हे लिहून द्यावे. डिसेंबर २०२१ च्या निवडणुकीत ३५ प्रभाग होते. पस्तीस ठिकाणी हा प्रश्न विचारण्यास फार मोठी यंत्रणा लागत नाही.

आता थोडे आपल्या घरचे. आपण बदलीवर तीन वर्षांसाठी येतो आणि कित्येकदा तीस वर्षे राहतो. आपली मुले येथल्याच शाळांत शिकतात, सुखना तलावावर फिरतात, गणेशोत्सवात येथेच आरत्या म्हणतात. मतदार यादीतले नाव मात्र अद्याप पुण्याला किंवा नागपूरला! अशांपैकी कोणी ‘आम्हांस न विचारता कर बसविला’ अशी तक्रार केली, तर तिला उत्तर काय द्यावे? महोत्सवाच्या कार्यकारिणीने प्रवेशद्वारापाशी वर्गणीचे टेबल मांडले आहे. त्याच्या शेजारी आणखी एक टेबल मांडावे, येथील यादीत नाव कसे चढवावे ते समजावणारे, अशी आमची विनंती आहे.